सोयाबीनमधील केना : निळे फूल दिसण्याची वाट पाहू नका

तिवसा तालुक्यात चार दिवस झड लागली, की डवरणी झालेल्या सोयाबीनमध्येही केना पुन्हा हिरवा दिसू लागतो. निंदणाचा खर्च करूनही हे तण परत का येते, ते त्याच्या वाढीच्या पद्धतीवरून कळते.

ओळख व वाढीची जागा
केना (कॉमेलिना बेंघालेन्सिस) जमिनीवर पसरतो. खोड रसाळ व पेरांचे, पाने रुंद, अंडाकृती असतात. फूल निळे असून सकाळी उमलते व दुपारपर्यंत कोमेजते. ओल धरणारी काळी जमीन त्याला मानवते. म्हणून तो सोयाबीन व कपाशीच्या ओळींत, संत्रा बागेत, पाण्याच्या दांडाकाठी आणि धुऱ्यावर आढळतो.

परत येण्याची कारणे
केन्याला मातीखालीही फुले येतात. पांढऱ्या कोंबांवरील ही फुले न उमलताच बी धरतात. उगवणीनंतर साधारण ६ आठवड्यांत ती येऊ लागतात. वरची निळी फुले त्यानंतर दिसतात. म्हणजे निळे फूल पाहून निंदण केले, तर पुढच्या हंगामाचे बी जमिनीत तयार होऊ लागलेले असते. शिवाय खोडाच्या तुटलेल्या तुकड्याला ओल मिळाली, की पेराला मुळे फुटतात.

काय करावे?
१. ज्या वावरात दरवर्षी केना येतो, तिथे पेरणीनंतर पण उगवणीपूर्वी वापरायचे तणनाशक निवडा. लेबलवर सोयाबीन आणि केना दोन्हींची नावे आहेत का, ते पाहा. मात्रा लेबलप्रमाणेच घ्या.
२. डवरणी उघाड पाहून, वाफसा असताना करा. ओल्या वावरात डवरा फिरवला, तर तुटलेले तुकडे पुन्हा रुजतात.
३. ओळीतील केना लहान असतानाच खुरप्याने मुळासकट काढा. मोठ्या झाडाचे मातीतील पांढरे कोंबही निघाले पाहिजेत.
४. काढलेला केना वावरात किंवा धुऱ्यावर टाकू नका. बाहेर उन्हात पूर्ण वाळवा.
५. संत्रा बागेत फक्त ग्लायफोसेटवर विसंबू नका. इतर तणे मरतात, केना बऱ्याचदा तग धरतो आणि मोकळ्या जागेत पसरतो.

सहायक कृषी अधिकाऱ्यांनी शेतीशाळेत केन्याचे एक मोठे झाड खणून मातीखालचे बी दाखवावे. निंदण लवकर का करायचे, हे शेतकऱ्यांना तिथेच पटेल.