डिटॉक्स शिबिरातला अपेक्षाभंग : आपण नेमकं काय विकत घेतो?



मुळशी, पानशेत, लोणावळा, सिंहगडाचा पायथा. पुण्यातून गाडी काढली की दीड-दोन तासांत पोचता येतील अशा या जागा. तिथे आता 'वेलनेस रिट्रीट' आणि 'डिटॉक्स'च्या पाट्या जागोजागी दिसतात. तीन दिवसांचं पॅकेज, पाच दिवसांचं, सात दिवसांचं. जाऊन आलेल्यांशी बोललं तर दोन सूर ऐकू येतात. काही म्हणतात, "फार हलकं वाटलं." काही म्हणतात, "एवढे पैसे देऊन उपाशी राहून आलो." आजचं बोलणं या दुसऱ्या सुराबद्दल आहे. कोण चांगलं, कोण वाईट याची यादी आपण करणार नाही. माणसं निराश का होतात, त्यातली कोणती निराशा टाळता येते आणि कोणत्या निराशेत धोका असतो, एवढंच पाहू.

तक्रारी साधारण सारख्याच असतात. खोलीत ओल होती, टॉवेल कळकट होते. चहा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली. तीन किलो वजन उतरलं आणि पंधरा दिवसांत परत आलं. 'डॉक्टर' म्हणून समोर बसलेल्या व्यक्तीने आधीची औषधं विचारलीच नाहीत. मध्येच निघतो म्हटलं तर पैसे परत मिळेनात. वरवर पाहता या पाच वेगळ्या तक्रारी आहेत, पण त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात : उपचार, शिस्त आणि सुट्टी. पाहुणा एक समजून पैसे भरतो आणि त्याला मिळतं दुसरंच.

ताडीवाला रोड ते उरुळी कांचन

हा घोळ नवा नाही, आणि याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्यातच आहे. पुणे स्टेशनजवळ ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. गांधीजी तिथे अनेकदा राहिले. त्या वास्तूला आज आपण 'बापू भवन' म्हणतो आणि तिथे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. गांधीजींचा निसर्गोपचाराचा अभ्यास जुना होता. 'आरोग्याची गुरुकिल्ली' हे छोटं पुस्तक त्यांनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना लिहिलं, म्हणजे तेही पुण्यातच.

१९४६ च्या सुरुवातीला मेहतांच्या केंद्रातून गरिबांसाठी निसर्गोपचार चालवायचा, असा बेत झाला. विश्वस्तांमध्ये स्वतः गांधीजी होते. काही आठवड्यांतच त्यांच्या लक्षात आलं की खेड्यातला गरीब रुग्ण शहरातल्या या केंद्रात येणार नाही. इथे येतील ते ऐपत असलेले लोक. आपण ठरवलेली वस्तू आणि इथे प्रत्यक्षात देता येणारी वस्तू वेगळी आहे, हे त्यांनी 'हरिजन'मध्ये जाहीरपणे कबूल केलं आणि जागा बदलली. मार्च १९४६ मध्ये ते सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनला गेले, रुग्ण पाहिले आणि तिथला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. पुढची जबाबदारी मणिभाई देसाईंनी आयुष्यभर सांभाळली.

मातीची पट्टी, कटिस्नान, एनिमा, मोजका आहार, पहाटे उठणं, रात्री लवकर झोपणं, अशी त्या परंपरेतल्या उपचारांची पद्धत. इथे शिस्त हाच उपचार. हॉटेल समजून जाणारा अशा ठिकाणी नाराज होणारच, आणि त्यात चूक त्या जागेची नसते. उलट स्विमिंग पूल, मसाज आणि 'सात दिवसांत शरीरशुद्धी' अशी जाहिरात करणारी जागा शिस्तीला सुट्टीचं वेष्टन घालते. अडचण तिथे सुरू होते.

'विषं' आली कुठून?

'शरीरात विषं साठतात आणि ती बाहेर काढली की सगळे आजार जातात' ही कल्पना आपल्याला फार जुनी, आपल्याच मातीतली वाटते. आयुर्वेदात 'आम' आणि शोधनाचा विचार आहे, हे खरं. पण आजच्या डिटॉक्सची भाषा बरीचशी एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीतून आलेली आहे. लायपझिगचे लुई कुने सांगायचे की सर्व रोगांचं कारण एकच, ते म्हणजे शरीरात साठलेलं परकं द्रव्य. कटिस्नान त्यांनीच लोकप्रिय केलं. गांधीजींनीही कुने वाचले होते. पुढे अमेरिकेत बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात डॉ. केलॉग यांनी आतडी धुण्याला जवळपास उद्योगाचं रूप दिलं.

मग ही विषं नेमकी कोणती? २००९ मध्ये ब्रिटनमधल्या काही तरुण वैज्ञानिकांनी डिटॉक्सच्या नावाने विकल्या जाणाऱ्या १५ उत्पादनांच्या कंपन्यांना हेच विचारलं. कोणत्याही दोन कंपन्यांची 'डिटॉक्स'ची व्याख्या जुळली नाही आणि ठोस पुरावा कुणीच दिला नाही. २०१५ मध्ये डिटॉक्स आहारांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला गेला. बाजारातल्या डिटॉक्स आहारांची काटेकोर चाचणी झाल्याचं त्यात एकही उदाहरण सापडलं नाही.

शरीराची सफाई तर रोजच चालू असते. आपल्या मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक परत रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो. दारू, औषधं, शरीरात तयार होणारा अमोनिया हे सगळं यकृत हाताळतं. ज्याचं यकृत किंवा मूत्रपिंड खरोखर निकामी होतंय, त्याला रिट्रीट उपयोगाचं नाही. त्याला रुग्णालय लागतं.

तीन किलो गेले कुठे?

आता वजनाचा हिशेब मांडू. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की हा साठा पहिल्या एक-दोन दिवसांत वापरला जातो आणि सोबतचं पाणी निघून जातं. झालं की दीड-दोन किलो! त्यात मीठ कमी झालं, आतडी रिकामी झाली. काटा तीन किलो खाली दिसला तर नवल नाही.

चरबीचं गणित वेगळं असतं. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. रोज १,००० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्यात ७,००० होतात. म्हणजे सात दिवस निग्रहाने राहूनही चरबी जेमतेम एक किलोच्या आसपास उतरते. घरी येऊन वरण-भात, पोळी-भाजी सुरू केली की साखरेचा साठा भरतो आणि पाणी परत येतं. माणूस म्हणतो, "माझा संयम सुटला." नाही हो! ते पाणी परत येणारच होतं. त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं, एवढंच.

शुक्रवार ते रविवारचा सापळा

डोकेदुखीचंही तसंच. पुण्यात सकाळी दोन, दुपारी एक आणि अमृततुल्यावर मित्र भेटला की आणखी एक, असा चहा घेणारे किती तरी. तो एकदम बंद केला की १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं. एक-दोन दिवसांत त्रास कळसाला पोचतो आणि पुढे काही दिवसांत उतरतो. कधी कधी आठवडाही लागतो. याचं कारण कॅफीन. शिबिरात मात्र सांगितलं जातं, "विषं बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे." तोंडाला येणारा वास, जिभेवरचा पांढरा थर यांचंही तेच स्पष्टीकरण मिळतं. खरं तर उपासात चरबी जळू लागली की तयार होणाऱ्या कीटोनचा तो वास असतो.

आता हे वेळापत्रक पॅकेजवर ठेवून बघा. शुक्रवारी संध्याकाळी दाखल, रविवारी दुपारी परत. म्हणजे डोकेदुखीचा सगळ्यात वाईट काळ पाहुण्याने पैसे भरून तिथे काढला आणि बरं वाटायच्या आत तो घरी आला! सात दिवस राहिलेल्याला शेवटी हलकं वाटतं, कारण कॅफीनची ओढ संपलेली असते, झोप पुरेशी झालेली असते, फोन बाजूला असतो, दारू-सिगारेट नसते. 'छान वाटलं' आणि 'फसलो' या दोन सुरांमधला फरक बऱ्याचदा एवढ्या चार दिवसांचा असतो. यावर उपायही साधा आहे : जाण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून चहा हळूहळू कमी करत आणायचा.

तीन दिवसांचं 'पंचकर्म'

दुसरा मोठा अपेक्षाभंग पंचकर्माच्या नावाने होतो. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही ती पाच कर्मं. त्याआधी स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तेल-तूप आणि शेक. हे पूर्वकर्म. वमन-विरेचनानंतर पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचं कढण, असं पायरीपायरीने नेहमीच्या जेवणावर आणायचं. त्याला संसर्जन क्रम म्हणतात. हे सगळं नीट करायला दिवस लागतात. पाची कर्मं प्रत्येकाला देतही नाहीत. प्रकृती आणि आजार पाहून ठरवतात. त्यामुळे तीन दिवसांत जे मिळतं ते बहुधा तेलाचं मालीश आणि वाफ. ते सुखाचं असेल, त्याचे पैसेही द्यावेत, पण त्याला पंचकर्म म्हणू नये.

निराशेपलीकडचा धोका

इथपर्यंत प्रश्न पैशांचा आणि मनस्तापाचा होता. पण मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा माणूस फक्त रसावर राहिला आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक पातळीला घसरू शकते. आणि 'इथे गोळ्या लागत नाहीत' असं ऐकून औषध परस्पर थांबवलं, तर उलटा धोका. रक्तदाबाचं, फिटचं, थायरॉइडचं औषध, गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, या सगळ्यांत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लंघन करायचं नाही.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, हाही भ्रम आहे. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर तो ओतून द्यावा, असा इशारा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने दिलेला आहे. त्या कडवटपणात विषारी द्रव्य असतं.

आगाखान पॅलेसमधला १९४३ चा उपवास आठवा. २१ दिवस, वय ७३. उपवासाचा एवढा अनुभव असलेल्या माणसाभोवती तेव्हा डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नय्यर असे डॉक्टर होते आणि प्रकृती ढासळली तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस देण्यात आला. मग आपल्या उपवासावर देखरेख कोण करणार आहे, हे विचारण्यात संकोच कसला?

पैसे भरण्याआधी

चार गोष्टी लेखी विचाराव्यात. तपासणारी व्यक्ती कोण आणि तिची पदवी काय? निसर्गोपचारासाठी बी.एन.वाय.एस. ही साडेपाच वर्षांची पदवी आहे, आयुर्वेदासाठी बी.ए.एम.एस. रात्री त्रास झाला तर जवळचं रुग्णालय किती लांब? रोज खायला काय आणि किती? मध्येच निघावं लागलं तर किती पैसे परत मिळतील? उत्तर फोनवर मिळालं तर तेच ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर मागून घ्या. जाहिरातीचं पानही जपून ठेवा.

ग्राहक चळवळीचं आणि पुण्याचं नातं जुनं आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम इथूनच सुरू केलं. आज ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या हातात आहे. सेवेतली त्रुटी, फसवी जाहिरात आणि एकतर्फी अटी या तिन्हींविरुद्ध दाद मागता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*'मग जाऊच नये का?'*

असं आमचं म्हणणं नाही. विश्रांती हवी असेल तर विश्रांतीसाठी जा आणि खोली, जेवण, स्वच्छता यांवर जागा जोखा. शिस्त हवी असेल तर कडक जागा निवडा आणि मग कुरकुर करू नका. उपचार हवा असेल तर आजाराचं नाव, उपचार करणाऱ्याची पदवी आणि तपासण्यांचे आकडे यांवर बोला.

*'खोली छान, माणसं चांगली, पण फायदा काहीच झाला नाही. तक्रार करावी का?'*

काय कबूल केलं होतं, ते आधी पाहा. 'शरीर शुद्ध होईल' हे मोजता येत नाही, त्यामुळे झालं की नाही हे सिद्ध करणं अवघड. 'मधुमेहाची गोळी सुटेल' असं छापलं असेल, तर मात्र ते पान घेऊन जरूर तक्रार करा. तुमचे पैसे परत मिळतील न मिळतील, पण पुढचा माणूस ते पान वाचून आपली गोळी बंद करणार नाही.