उतारवयातला शेजार



आज शेजाराविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. शेजारही कोणता, तर साठी उलटल्यानंतरचा. तरुणपणी शेजारी कोण राहतो याकडे माणसाचे फारसे ध्यान नसते. दिवस शेतात जातो, शाळेत जातो, नाहीतर एसटीच्या डेपोत जातो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सकाळ. पण नोकरी सुटते, मुले पुण्या-मुंबईला पोटामागे जातात, आणि मग दारासमोरचा ओटा, गल्लीचे टोक आणि पलीकडचे घर एवढेच जग उरते. त्या पलीकडच्या घरात कोण आहे, याला मग फार मोल येते.

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी गेल्या काही वर्षांत गावठाणाबाहेर नव्या वसाहती उठल्या आहेत. त्यांत निवृत्त माणसांचा भरणा बराच असतो. मास्तर, तलाठी, कंडक्टर, पोलीस, फौजी, रेल्वेतला माणूस. खेड्यातली जमीन भावाकडे किंवा वाट्याने देऊन तो इथे येतो, कारण इथे दवाखाना आहे, पेन्शनची बँक आहे, एसटी स्टँड आहे. बिनशेती केलेला गुंठा-दीड गुंठा घेतो आणि दोन खोल्या बांधतो. यात एक गोष्ट अशी घडते, की तिच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. जुन्या गावात घर कुठे असावे हे जन्माने ठरलेले असे. ही भावकीची आळी, हा मोहल्ला, तो वाडा, आणि वेशीबाहेर आणखी कोणी. नव्या वसाहतीत प्लॉट ज्याच्याकडे पैसे आधी जमले त्याला आधी मिळतो. म्हणून आयुष्याची साठ वर्षे आपल्याच माणसांत काढलेल्या गृहस्थाला साठाव्या वर्षी, प्रथमच, दुसऱ्या जातीचा, धर्माचा किंवा भाषेचा शेजारी मिळतो. आणि तोही भिंतीला भिंत लागून!

हे अवघड आहे, असे कोणी म्हणेल. अवघड आहे खरे. पण आपल्या मुलखाला ते अगदी नवे नाही, बरं का. करमाळा तालुका नकाशावर पाहा. उत्तरेला अहिल्यानगर जिल्हा, पूर्वेला सीना ओलांडली की परांडा, म्हणजे धाराशिव जिल्हा, आणि पश्चिमेला भीमेपलीकडे पुणे जिल्ह्यातले इंदापूर. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत परांडा निजामाच्या राज्यात होते. म्हणजे हा सगळा सरहद्दीचा मुलूख. सरहद्दीवर माणसे येत-जात राहतात, सोयरिकी होतात, बोलीत शब्द मिसळतात.

गावाबाहेर श्रीदेवीच्या माळावर कमलाभवानीचे देऊळ तुम्ही पाहिलेच असेल. ते रावरंभा निंबाळकरांनी 1727 च्या सुमारास बांधवले. मराठा सरदार, चाकरी निजामाची, देवी आपली, आणि देवळाची गोपुरे मात्र दक्षिणेच्या धाटणीची. तिथल्या तीन उंच दीपमाळा आणि 96 पायऱ्यांची विहीर दाखवायला शिक्षक मुलांना नेतातच. पुढच्या खेपेला गोपुरेही नीट दाखवावीत. मिसळण म्हणजे काय, ते दगडात दिसते.

सोलापूर शहरात तर हे रोजचेच आहे. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांची घरची भाषा तेलुगू. लिंगायत पेठेत कन्नड. मोमीन विणकरांची दख्खनी. व्यापारात मारवाडी आणि गुजराती. हे सगळे एकाच गिरणीच्या भोंग्यावर उठत होते. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे चार जण फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ही चार नावे एकापुढे एक मोठ्याने उच्चारा. कोण कुठल्या घरातला, हे नावावरूनच कळते. सरकारने त्यांना वेगळे केले नाही आणि त्यांनीही स्वतःला वेगळे मानले नाही.

करमाळ्याच्या भीमाकाठच्या माणसांना आणखी एक अनुभव आहे. उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले आणि नदीकाठची कितीतरी गावठाणे पाण्याखाली गेली. केत्तूरसारख्या गावाची नव्या जागी एक नंबर, दोन नंबर अशी वस्ती झाली. नुकसानभरपाई जमिनीची मिळते, घराची मिळते. शेजाराची नोंद कोणत्याच सातबाऱ्यावर नसते. तरण्या माणसांनी नव्या जागी लवकर जम बसवला, पण त्या वेळच्या म्हाताऱ्यांना जुनी आळी मोडल्याचे दुःख जमिनीपेक्षा जास्त होते, असे त्या भागात आजही ऐकायला मिळते. मला ते पटते.

आता वसाहतीतल्या रोजच्या व्यवहाराकडे येऊ. भांडणे बहुतेक मोठ्या कारणाने होत नाहीत. सांडपाणी इकडे का सोडले, स्पीकर मोठा का लावला, कशाच्या फोडणीचा वास आला. कारण हे असते, पण तोंडात येते ते जातीचे किंवा धर्माचे नाव. नळाचे भांडण नळावरच मिटवावे. ‘तुमचे लोक असेच’ हे तीन शब्द एकदा बोलले गेले, की पुढे नळ दुरुस्त झाला तरी मन दुरुस्त होत नाही.

दुसरी गोष्ट, अंदाजाने वागू नये, विचारावे. समजा, शेजारी जैन कुटुंब आहे आणि तुमच्याकडे नातवाचे बारसे आहे. तुम्ही प्रेमाने रात्री नऊचे जेवण सांगता. त्यांच्यातले पुष्कळ जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. ते येतात, नुसते बसतात, आणि तुम्हाला वाटते, आमच्या घरचे चालत नाही वाटतं! तेच दिवस मावळायच्या आत बोलावले असते तर पंगत बसली असती. रमजानात शेजारचे चाचा दुपारी चहाला नाही म्हणतात, ते रोजा आहे म्हणून. लिंगायत आजोबा सकाळी लवकर काही घेत नाहीत, कारण त्यांची इष्टलिंगाची पूजा व्हायची असते. विचारायला संकोच वाटतो, पण म्हाताऱ्या माणसाला आपल्या घरची रीत सांगायला कोणी विचारले, तर तो मोठ्या खुशीने सांगतो. मग थांबवणे कठीण होते, ही निराळी गोष्ट.

आणि वेगळेपण शोधायला गेलो तर सारखेपणही हाती लागते. आपल्याकडे ज्वारीची भाकरी सगळ्यांच्या तव्यावर आहे. कन्नड घरात ती रोट्टी, तेलुगू घरात जोन्न रोट्टे, दख्खनी बोलणाऱ्या घरात जवार की रोटी. पीठ तेच, थापणारे हात निराळे. गुढीपाडव्याला आपण कडुलिंबाचा पाला, गूळ, ओवा वाटून खातो. त्याच दिवशी तेलुगू आणि कन्नड घरात उगादी असते. तेलुगू घरात कडुलिंबाची फुले, चिंच, गूळ आणि कैरी यांचे पच्चडी करतात, कन्नड घरात बेवु-बेल्ला, म्हणजे कडुलिंब आणि गूळच. एका वाटीची देवाणघेवाण त्या दिवशी करून पाहा. बायका हे पुरुषांच्या आधीच करतात, हे मी पाहतो. पुरुष कट्ट्यावर देशाचे राजकारण बोलत असतात तोवर इकडे वाटी जाऊन परत आलेली असते, आणि रिकामी आलेली नसते.

खरी परीक्षा मृत्यूच्या वेळी होते. म्हाताऱ्यांच्या वसाहतीत हा प्रसंग वरचेवर येतो, म्हणून स्पष्ट बोलतो. मुलगा पुण्याहून यायला चार-पाच तास लागतात. तोवर घरात एकटी म्हातारी आणि शेजारी. काय करायचे हे शेजाऱ्याला ठाऊक हवे. कोणाकडे दहन असते, लिंगायतांत बसवून पुरतात, मुसलमान घरात शक्य तेवढ्या लवकर दफन करायचे असते, म्हणून तिथे ‘पाहुणे येऊ द्या, उद्या बघू’ असा आग्रह धरू नये. आपण काय हात लावावा आणि काय लावू नये, हे त्या घरच्या जाणत्याला हळूच विचारावे. मात्र एक काम असे आहे की ते कोणाच्याही दारी चालते. मयताच्या घरी चूल पेटत नाही. आपल्याकडे शेजारी आणि सोयरे कडू घास नेतात, पिठले-भाकरी नेतात. मुसलमान घरातही त्या दिवसांत बाहेरून जेवण पाठवायची रीत आहे. दोन्हीकडे रीत एक आहे, म्हणून शेजाऱ्याच्या डब्याला तिथे परकेपणा नसतो.

आता एका दुखऱ्या जागेला हात लावतो. सगळे प्लॉट पैशाने मिळतात असे वर म्हटले, ते अर्धे खरे आहे. एखादा निवृत्त अधिकारी घर पाहायला येतो, भाव ठरतो, चहा होतो. मग आडनाव विचारतात. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतात. आणि आठ दिवसांनी निरोप येतो, की मुलाचा विचार बदलला, विकायचे नाही. बौद्ध माणसाला हा निरोप ओळखीचा आहे, आणि मुसलमान माणसालाही. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले आणि देऊळ खुले झाले. पुढे राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली, 1955 साली तिच्यासाठी कायदा झाला. पण घर विकताना मनात काय चालले आहे, ते कायद्याच्या कागदावर उमटत नाही. ज्याने चाळीस वर्षे सरकारी नोकरीत सगळ्यांची कामे केली, त्याला म्हातारपणी राहायला जागा शोधताना आडनाव लपवावे लागावे, ही गोष्ट साधी नाही. आणि हे करणारेही बहुतेक पेन्शनरच असतात. त्यांचा धंदा बुडत नाही, त्यांना निवडणूक लढवायची नसते. भीती कसली, तर ‘बाकीचे काय म्हणतील’ एवढीच. बाकीचेही तेच म्हणत बसलेले असतात.

दूरदेशी सिंगापूरने यावर निराळा उपाय केला. तिथे बहुतेक लोक सरकारी इमारतींत राहतात. 1989 साली सरकारने नियम केला, की कोणत्याही इमारतीत चिनी, मलायी किंवा भारतीय यांपैकी एकाच समाजाची घरे ठरलेल्या मर्यादेपलीकडे असू नयेत. पुष्कळ इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. त्याच जागी आज मलायी लग्नाचा मांडव, तर आणखी कधी चिनी घरातल्या मयताची बैठक, आणि एरवी म्हातारी मंडळी पटावर सोंगट्या सरकवीत बसलेली. आपल्याकडे असा नियम नाही, आणि मर्यादेमुळे घर विकताना तिथेही लोकांना अडचण येते. पण मोकळ्या तळमजल्याची कल्पना उचलण्याजोगी आहे. वसाहतीचा आराखडा करताना मोकळी जागा ठेवावीच लागते. तिच्यावर एकाच देवाचे देऊळ उभारण्यापेक्षा पत्र्याची शेड आणि चार बाक टाकले, तर सुखदुःखाला सगळ्यांना उपयोगी पडेल. देवळाला माझा विरोध नाही. माळावर देवीचे एवढे मोठे देऊळ आहेच.

पुण्यात नवी पेठेत ‘निवारा’ नावाचा वृद्धाश्रम आहे. मूळ नाव डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह. 1860 च्या दशकातली ही संस्था. ससून हे बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. 1864 साली पुण्यातच वारले आणि तिथल्या लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. बगदादच्या माणसाच्या दानातून उभ्या राहिलेल्या छपराखाली दीडशे वर्षांहून अधिक काळ इथली निराधार म्हातारी माणसे राहत आली. दान घेताना आपण दात्याची भाषा विचारली नाही, हे आपल्या ध्यानात असावे.

थोडे व्यवहाराचे. 2007 च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करावा. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी 14567 हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. पण रात्री दोनला न्हाणीघरात पाय घसरला, तर 108 ला फोन कोण करणार आणि आतून लावलेली कडी कोण काढणार? घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा, आणि रात्री आतून कडी न लावता कुलूपच लावा, म्हणजे ती किल्ली बाहेरून चालेल. ज्याच्याकडे किल्ली द्यायला मन घेत नाही, त्याच्याकडे मन का घेत नाही, याचा एकदा विचार करून पाहा. चोरीची भीती असेल तर रास्त आहे. आणखी काही असेल तर ते आपल्यापाशीच तपासावे.

शिक्षकांना एक काम सुचवतो. मुलांना वसाहतीत पाठवून नात्याचे शब्द गोळा करायला लावा. अक्का, अण्णा, अप्पा हे शब्द आपण मराठी म्हणून वापरतो, तेच कन्नड आणि तेलुगू घरातही आहेत. आपला दादा म्हणजे थोरला भाऊ, पण दख्खनी बोलणाऱ्या घरात दादा म्हणजे बापाचा बाप. तेलुगू घरात आजोबाला ताता म्हणतात, आणि आपल्याकडे तात्या आहेच. गुजराती घरात ‘बा’ म्हणजे आई. एका कागदावर डावीकडे नाते लिहावे, पुढे प्रत्येक घराचा शब्द. मुले घरोघर हिंडतील, आजी-आजोबा शब्द सांगताना शब्दामागची माणसेही सांगतील. यादी पुरी झाली, की ती एका संध्याकाळी त्याच मंडळींपुढे वाचून दाखवावी. उच्चार चुकले तर ते तिथेच सुधारून देतील.