पोटगी आणि प्राप्तिकर : पंचांसमोरची फारकत

एकरकमी पोटगी आणि दरमहा पोटगी यांतील जो भेद मागील लेखांकात पाहिला, तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर आधारलेला होता. परंतु विवाहविच्छेदाचा प्रत्येक व्यवहार न्यायालयाच्या दारातून जातोच असे नाही, आणि जेथे तो जात नाही तेथे कराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. या लेखांकासाठी जाहीर केलेला अल्पवयीन अपत्यांच्या पोटगीचा विषय त्यामुळे एक आठवडा पुढे ढकलणे भाग आहे.

निमित्त आहे सुरतजवळच्या सचिन येथून आलेल्या एका प्रश्नाचे. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत आणि उधना-लिंबायत पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांपैकी काही समाजांत पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर फारकतनामा लिहून संबंध संपवण्याची रीत अद्याप टिकून आहे. अशा फारकतीत स्त्रीला मिळालेल्या पाच लाख रुपयांवर कर लागतो काय, एवढाच प्रश्न आहे; परंतु त्याच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत.

पहिला प्रश्न रकमेच्या स्वरूपाचा. प्रतापगडच्या राजकन्या माहेश्वरी देवी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरवले की, दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्न होय, तर एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती होय, म्हणजे नियमितपणे येणारे उत्पन्न नसून एखादा हक्क कायमचा सोडल्याच्या बदल्यात हाती आलेली रक्कम होय. (खुद्द सचिन संस्थानाचा उगमही अशाच एका हक्कत्यागात आहे : १७९१ साली जंजिऱ्यावरील दावा पेशव्यांच्या हवाली करून त्याबदली तेथील सिद्दी वारसाने सुरतेजवळचा मुलूख घेतला.) हा निर्णय १९८४ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झाला असून करसल्लागार तो देशभर उद्धृत करतात, तथापि गुजरातेतील अधिकाऱ्यावर तो महाराष्ट्रातल्यासारखा बंधनकारक नाही, तेथे त्याचे वजन केवळ मार्गदर्शक निर्णयाचे आहे, ही गोष्ट सचिनच्या रहिवाशाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. म्हणूनच ‘पाच लाख रुपये मिळाले’ एवढेच फारकतनाम्यात लिहिणे अपुरे आहे. भविष्यातील पोटगीचा संपूर्ण हक्क सोडण्याच्या मोबदल्यात ही रक्कम स्वीकारली, असे वाक्य त्यात असेल तर तिचे भांडवली स्वरूप दाखवणे पुष्कळ सोपे जाते.

दुसरा प्रश्न खुद्द फारकतीच्या वैधतेचा. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २९(२) ने रूढीने मान्य केलेला विवाहविच्छेद अबाधित ठेवला आहे; परंतु त्या समाजात अशी रूढी दीर्घकाळ, अखंडपणे व एकसारखी चालत आली आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिचा आधार घेणाऱ्यावर असते. रूढी सिद्ध झाली नाही तर कायद्याच्या दृष्टीने ते दोघे पतिपत्नीच राहतात. कराच्या दृष्टीने याचा परिणाम विलक्षण होतो. पतीने पत्नीला पुरेशा मोबदल्याशिवाय दिलेल्या मालमत्तेपासून होणारे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते, ज्याला उत्पन्नाचे एकत्रीकरण म्हणतात. त्यामुळे त्या पाच लाखांची मुदत ठेव केली तर तिचे व्याज, फारकतीनंतर कित्येक वर्षे, दूर राहणाऱ्या पुरुषाच्या विवरणपत्रात जाऊन बसू शकते. मात्र प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ६४ मध्येच एक अपवाद आहे : विभक्त राहण्याच्या कराराच्या संबंधात झालेले हस्तांतरण या नियमातून वगळलेले आहे. घराविषयीच्या कलम २७ मध्येही हाच अपवाद पुन्हा येतो. या अपवादाकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कारण विवाहविच्छेद म्हणून टिकू न शकणारा फारकतनामा विभक्त राहण्याचा करार म्हणून मात्र टिकू शकतो, आणि त्यासाठी दोघे यापुढे स्वतंत्र राहतील हे त्यात स्पष्ट नमूद असणे पुरेसे उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, आणि तो नेमका विचारला गेलेला नाही. पंचांसमोरची रक्कम बहुधा रोख मोजली जाते. चार माणसांदेखत नोटा हाती पडल्या म्हणजे व्यवहार पक्का झाला, अशी त्यामागची समजूत आहे. १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या कलम २६९एसटी नुसार दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगाशी निगडित व्यवहारांपोटी रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे. त्यामुळे पाच लाखांचे तीन हप्ते करून ते वेगवेगळ्या दिवशी घेतले तरी सुटका होत नाही. उल्लंघनाचा दंड स्वीकारलेल्या रकमेइतका असू शकतो, आणि तो देणाऱ्यावर नव्हे, घेणाऱ्यावर बसतो. पुरेसे सबळ कारण दाखवता आल्यास दंड टळतो हे खरे, परंतु ते दाखवण्याचा भार ज्या स्त्रीकडे सल्लागाराला देण्याइतके पैसेही नाहीत तिच्यावरच पडतो. रक्कम करमुक्त असूनही तिच्याएवढाच दंड होऊ शकतो, हे पंचांच्या बैठकीत कोणी सांगत नाही. ‘अकाउंट पेयी’ असे रेखित केलेला धनादेश, तसाच रेखित बँक ड्राफ्ट किंवा खात्यातून खात्यात झालेले इलेक्ट्रॉनिक हस्तांतरण यांना ही मनाई लागू नाही, आणि पंचांना साक्षीदार म्हणून बसावयाचेच असेल तर त्यांनी धनादेशाचा क्रमांक फारकतनाम्यात लिहून घ्यावा.

एकरकमी रकमेकडे दोन्ही पक्षांचा ओढा असतो तो दरमहा पोटगीवर पडणाऱ्या दुहेरी भारामुळे. सर्वोच्च न्यायालयाने सीतलदास तीरथदास प्रकरणात (१९६१) मुंबईच्या एका करदात्याने हुकूमनाम्यानुसार पत्नी व मुलांना दिलेल्या निर्वाहखर्चाची वजावट नाकारली, कारण ते पैसे आधी त्याचे उत्पन्न झाले आणि मग खर्च झाले. त्याच्या मालमत्तेवर त्या रकमेचा बोजा चढवलेला नव्हता. याउलट १९३३ साली प्रिव्ही कौन्सिलने विजयसिंह दुधोरिया यांच्या प्रकरणात सावत्र आईला द्यावयाची रक्कम त्यांच्या उत्पन्नातून वगळली, कारण तेथे तो बोजा होता व पैसे उगमापाशीच वळवले गेले होते.

या तत्त्वाचा आकड्यांतला अर्थ पाहावा. वित्तीय वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत साडेअकरा लाख रुपये पगार असलेल्या स्त्रीला, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि बारा लाखांपर्यंतची करसवलत यांमुळे, काहीही कर पडत नाही. तिला दरमहा ४०,००० रुपये पोटगी मिळू लागली की करपात्र उत्पन्न १५.५५ लाख होते आणि उपकरासह कर होतो १,१७,७८० रुपये. देणाऱ्याचे करपात्र उत्पन्न तीस लाख असेल तर त्याच ४.८० लाखांवर त्याने स्वतः १,४९,७६० रुपये आधीच भरलेले असतात. पोटगीच्या निम्म्याहून अधिक रकमेइतका कर अशा रीतीने शासनाकडे जातो, आणि हे अन्याय्य आहे असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. अमेरिकेत २०१८ अखेरनंतरच्या विवाहविच्छेदांत देणाऱ्याला वजावट नाही, परंतु घेणाऱ्यालाही कर नाही. एकाच रकमेवर दोघांकडून कर घेण्याची वेळ तेथे येत नाही. सचिनमधील कामगार कुटुंबाला हा भार सहसा जाणवणार नाही, कारण दोघांचीही उत्पन्ने बारा लाखांच्या आत असतात. त्यांच्यासाठी दरमहा पोटगी कराच्या दृष्टीने निर्धोक आहे, आणि केवळ कर वाचेल म्हणून तुटपुंज्या एकरकमी रकमेवर कायमचा हक्क सोडण्याचे त्यांना काहीच कारण नाही.

मुलांच्या नावे मिळणारी रक्कम कोणाच्या उत्पन्नात धरावी, याचा विचार पुढील लेखांकात.