निद्राश्वासरोध व रक्तातील शोथदर्शके
झोपेत घशातील स्नायू शिथिल होऊन श्वसनमार्ग वारंवार मिटणे व छातीची हालचाल चालू असूनही हवा आत न जाणे, या विकारास अवरोधी निद्राश्वासरोध (स्लीप ॲप्निया) म्हणतात. श्वास थांबण्याचे किंवा बराच मंदावण्याचे, किमान १० सेकंद टिकणारे प्रसंग मोजून विकाराची तीव्रता ठरवितात. असे प्रसंग तासाला १५ ते ३० असल्यास विकार मध्यम व त्याहून अधिक असल्यास तीव्र समजतात. मोठ्याने घोरणे व दिवसा पेंग येणे ही नेहमीची लक्षणे होत. अतिरिक्त रक्तदाब, हृद्‌विकार व पक्षाघात यांच्याशी या विकाराचा संबंध आढळतो. हा संबंध जोडणारा एक दुवा म्हणजे शोथ (दाहयुक्त सूज) होय.

प्रत्येक प्रसंगी रक्तातील ऑक्सिजन घटतो व श्वास सुरू होताच पुन्हा वाढतो. या चढउतारामुळे कोशिकांतील शोथकारक यंत्रणा चेतविली जाते आणि इंटरल्यूकिन-६ व अर्बुदऊतकमृत्यू घटक (टीएनएफ) ही प्रथिने स्रवतात. इंटरल्यूकिन-६ मुळे यकृतात सी-प्रतिक्रियाशील प्रथिन तयार होते. १९३० मध्ये विल्यम टिलेट व टॉमस फ्रॅन्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तरसात प्रथम आढळले. रक्तात त्याचे प्रमाण लिटरला १ मिग्रॅ. पेक्षा कमी असल्यास हृद्‌विकाराचा धोका कमी व ३ मिग्रॅ. हून अधिक असल्यास जास्त मानतात.

नाकावरील मुखवट्यातून सतत दाबाने हवा पुरवून श्वसनमार्ग उघडा ठेवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. तिने श्वासरोध थांबतो; म्हणून शोथदर्शकेही उतरतील, अशी अपेक्षा होती. तथापि १९१४ नव्हे, तर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील २४ आठवड्यांच्या चाचणीत स्थूल रुग्णांपैकी ज्यांचे वजन घटविले, त्यांच्यातच सी-प्रतिक्रियाशील प्रथिन कमी झाले. केवळ मुखवटा वापरणाऱ्यांत ते लक्षणीय घटले नाही. वसा ऊतक स्वतःच इंटरल्यूकिन-६ स्रवत असल्याने श्वासमार्ग मोकळा झाला, तरी शोथाचा हा उगम कायम राहतो. भारतासह सात देशांतील २,७१७ हृद्‌रोगी व पक्षाघाताच्या रुग्णांवरील चाचणीतही (२०१६) मुखवट्याने नव्या हृद्‌रोहिणी विकारांचे प्रमाण घटले नाही; मात्र त्याचा वापर रात्री सरासरी ३.३ तासच झाला होता. दिवसाची पेंग मात्र कमी झाली.

सी-प्रतिक्रियाशील प्रथिन कोणत्याही एका रोगाचे निदर्शक नाही. जंतुसंसर्ग, संधिवात, धूम्रपान यांमुळेही ते वाढते. लिटरला १० मिग्रॅ. हून अधिक आढळल्यास प्रथम संसर्गाचा शोध घेऊन तपासणी पुन्हा करतात. त्यामुळे उपचाराचे यश श्वासरोधाची संख्या, ऑक्सिजनाची पातळी, पेंग व रक्तदाब यांवरून ठरवावे लागते. हे प्रथिन उतरले नाही म्हणून मुखवटा सोडणे जसे अयोग्य, तसेच केवळ मुखवट्यावर विसंबून वजनाकडे दुर्लक्ष करणेही अयोग्य ठरते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिर्झेपटाइड या औषधाच्या चाचण्यांत स्थूल रुग्णांचे वजन घटले आणि त्याबरोबर श्वासरोधाचे प्रसंग व सी-प्रतिक्रियाशील प्रथिन ही दोन्ही कमी झाली.