पुढे उजेड, मागे काळोख! मोटारींचे दिवसाचे दिवे नेमके कसे चालतात?

मुंबई, प्रतिनिधी

वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावरून सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी वांद्रे-वरळी सागरी सेतूकडे पाहिले, तर एक विसंगती नजरेस पडते. वांद्र्याहून येणाऱ्या काही मोटारींच्या पुढच्या बाजूला पांढऱ्याशुभ्र प्रकाशाच्या रेघा झळकत असतात. तशीच एखादी मोटार उलट दिशेने, वांद्र्याकडे निघालेली असेल, तर तिची पाठ मात्र पूर्ण काळोखी. आतल्या चालकाला याची कल्पनाही नसते. समोरचा डॅशबोर्ड उजळलेला, पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर आपल्या दिव्यांचे प्रतिबिंब पडलेले. त्यामुळे दिवे लागलेले आहेत, अशीच त्याची समजूत असते. प्रत्यक्षात हेडलाइट लागलेले नसतात आणि मागचे लाल दिवेही लागलेले नसतात. लागलेले असतात ते केवळ 'डेटाइम रनिंग लाइट', अर्थात डीआरएल.

हा दिवा रस्ता दिसावा म्हणून नसतोच. मोटार इतरांना दिसावी, एवढाच त्याचा हेतू. भर उन्हात पादचाऱ्याला किंवा समोरून येणाऱ्या वाहनचालकाला मोटारीचे अस्तित्व क्षणभर आधी कळले, तर टक्कर टळण्याची शक्यता वाढते, हे त्यामागचे गृहीतक. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीनुसार या दिव्याची तीव्रता ४०० ते १२०० कँडेलांच्या दरम्यान असावी लागते. एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा उजेड. याउलट, मागच्या लाल दिव्यासाठी किमान मर्यादा आहे अवघी ४ कँडेला. रात्रीच्या काळोखात तेवढा मंद दिवाही दुरून ओळखू येतो. पण तो लागलेला असेल तर!

एकच पट्टी, दोन भूमिका

मोटारीच्या दिव्यांची रचना पूर्वी सोपी होती. खटक्याच्या पहिल्या टप्प्यावर पार्किंग दिवे, मागचे लाल दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा लागत असे. दुसऱ्या टप्प्यावर हेडलाइट. डॅशबोर्डचे काटे याच जोडणीतून उजळत. परिणामी दिवे लावायचे विसरले, की वेगाचा काटाही दिसेनासा होई आणि चालकाला आपोआप आठवण होई. आजच्या मोटारींत काट्यांच्या जागी पडदे आले. ते इंजिन सुरू होताच उजळतात आणि दिवस-रात्र उजळलेलेच राहतात. जुनी, कोणी मुद्दाम न योजलेली ती आठवण सोयीच्या नादात निघून गेली.

डीआरएल या जुन्या साखळीच्या बाहेर असतो. इंजिन सुरू झाले की तो आपोआप लागतो. खटक्याचा त्याच्याशी संबंध नसतो. हेडलाइट लावले की तो विझतो किंवा मंदावतो. समोरच्याला इशारा देण्यासाठी हेडलाइट क्षणभर चमकवले, तर मात्र तो तसाच राहतो. अनेक मोटारींत एकाच एलईडी पट्टीला दोन भूमिका दिलेल्या असतात. दिवसा पट्टी पूर्ण तेजाने जळते तेव्हा ती डीआरएल. हेडलाइट लागताच तीच मंद होऊन पार्किंग दिव्याचे काम करते. हे मंदावणे म्हणजे प्रत्यक्षात डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने होणारी उघडझाप असते.

वळण्यासाठी इंडिकेटर लावला की त्या बाजूचा डीआरएल अनेकदा विझतो. पुष्कळांना हा बिघाड वाटतो. पांढऱ्या प्रखर दिव्याला खेटून पिवळा दिवा उघडझाप करू लागला, तर तो उन्हात दिसणार नाही, म्हणून ही मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. वळण पूर्ण झाले की दिवा पुन्हा लागतो.

रात्री तो पूर्ण तेजाने का ठेवत नाहीत, हा प्रश्नही रास्त आहे. हेडलाइटच्या खालच्या झोताला वरून कापलेली कड असते. त्यामुळे उजेड रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत कमी जातो. डीआरएलला अशी कड नसते. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानांतून स्वस्त एलईडी पट्ट्या बसवून घेणाऱ्यांची गल्लत नेमकी येथे होते. अशी पट्टी थेट इंजिनच्या चावीला जोडली आणि हेडलाइटशी तिचा संबंध ठेवला नाही, तर ती रात्रीही पूर्ण तेजाने जळत राहते आणि समोरच्याला आंधळे करते.

उत्तरेचा नियम, मुंबईची संध्याकाळ

दिवसा दिवे लावण्याची प्रथा उत्तर युरोपातली. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात शहराबाहेरील रस्त्यांवर त्याची सक्ती केली. स्वीडनने १९७७ मध्ये वर्षभरासाठी केली. त्या देशांत सूर्य क्षितिजालगत रेंगाळतो, संधिप्रकाश लांबतो. कॅनडात डिसेंबर १९८९ पासूनच्या नव्या मोटारींना आणि युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासूनच्या नव्या नमुन्यांच्या मोटारींना हे दिवे बंधनकारक झाले. भारतात मोटारींसाठी तशी सक्ती नाही. तरीही उत्पादकांनी ते शोभेचा भाग म्हणून उत्साहाने स्वीकारले. सक्ती झाली ती दुचाकींना. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत विझवता येत नाही. त्यांचा मागचा दिवाही सामान्यतः सोबतच लागतो. म्हणजे कोळीवाड्याच्या चिंचोळ्या गल्लीतून निघालेली स्कूटर दिवसाढवळ्या पुढून-मागून उजळलेली असते आणि सागरी सेतूवरून जाणारी महागडी मोटार तिन्हीसांजेला मागून काळोखी. त्या सेतूवर दुचाकींना प्रवेशच नाही, हा भाग वेगळा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी दिवे लावणे बंधनकारक आहे. अर्ध्या तासाची ही सवलत लांब संधिप्रकाशाच्या प्रदेशात ठीक आहे. मुंबईत सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख दाटतो. घड्याळ पाहून दिवे लावायचे म्हटले, तर येथे संध्याकाळ संपलेली असते. त्यामुळे नियमातील दुसरा भाग, 'पुरेसा उजेड नसेल तेव्हा', हाच या शहरासाठी खरा महत्त्वाचा.

कोळ्यांच्या होडीचा दिवा

दिवा म्हणजे उजेड नव्हे, तर भाषा. ही गोष्ट कोळीवाड्यातील नाखव्यांच्या व्यवसायात मुरलेली आहे. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत नौकेचा प्रत्येक दिवा किती अंशांतून दिसावा, हे ठरवून दिलेले आहे. डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा दिवा प्रत्येकी साडेबाराधिक शंभर, म्हणजे ११२.५ अंशांतून दिसतो. मागचा पांढरा १३५ अंशांतून. तिन्हींची बेरीज बरोबर ३६०. कोणत्याही दिशेने पाहा, नौकेचा एक तरी दिवा दिसलाच पाहिजे, अशी ही आखणी. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर नौका थेट आपल्यावर चालून येत आहे, असा अर्थ. ट्रॉलर जाळे ओढत असेल, तर पांढऱ्याच्या वर हिरवा दिवा. अन्य प्रकारच्या जाळ्यांनी मासेमारी चालू असेल, तर पांढऱ्याच्या वर लाल. सात मीटरपेक्षा लहान आणि सात नॉटपेक्षा अधिक वेग नसलेल्या होडीला मात्र चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो.

केवळ डीआरएलवर धावणारी मोटार ही बेरीज मोडते. तिच्या वर्तुळाचा मागचा अर्धा भाग मुका असतो.

कोळीवाड्याला या दोन्ही वाहतुकींची जाणीव आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांमधील अंतर ६० मीटरऐवजी १६० मीटर ठेवावे, यासाठी येथील मच्छीमारांनी क्लीव्हलँड बंदरात आंदोलन केले होते. डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर तोडगा निघाला. वाऱ्या-लाटांत होडी त्या खांबांमधून सुखरूप काढायची, तर जागा हवी, हे त्यांचे साधे म्हणणे होते.

पाऊस, बोगदा आणि 'ऑटो'

मागच्या काळोखाचा सर्वात मोठा धोका संध्याकाळी नव्हे, तर जुलैतल्या भरदुपारी असतो. आभाळ भरून येते, सेतूवर पावसाची चादर पसरते आणि राखाडी रंगाची मोटार राखाडी पाण्यात विरघळते. सेतूवर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. पुढची गाडी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ३३ मीटर संपलेले असतात. थांबण्याचे अंतर त्यानंतर मोजायचे. अशा वेळी अनेक जण चारही इंडिकेटर एकदम लावतात. हा उपाय अपायकारकच. ते दिवे उभ्या वाहनासाठी आहेत. चालत्या गाडीने ते लावले, की ती कोणत्या बाजूला वळणार, हे सांगण्याचे साधनच उरत नाही. हेडलाइट लावले, तर मागचे लाल दिवे आपोआप लागतात. पावसात तेवढेच पुरे.

खटक्यावर 'ऑटो' हा टप्पा असलेल्या मोटारींत काचेजवळचा संवेदक उजेड मोजतो. युरोपात लागू असलेल्या नियमावलीप्रमाणे बाहेरचा उजेड १००० लक्सखाली गेला, की हेडलाइट दोन सेकंदांत लागले पाहिजेत. ७००० लक्सच्या वर ते विझतात. मधल्या पट्ट्यात काय करायचे, ते उत्पादकाने ठरवायचे. मार्च २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गावर, मलबार हिलखालच्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यात शिरताना हा बदल डॅशबोर्डवर पाहता येतो. पावसाळी दुपार मात्र नेमकी त्या मधल्या पट्ट्यात मोडते. उजेड संवेदकाला पुरेसा वाटतो, मागून येणाऱ्या चालकाला वाटत नाही. तेथे खटका हातानेच फिरवावा लागतो.

आपले दिवे खरेच लागले आहेत का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पार्किंग दिवे किंवा हेडलाइट लागले, की डॅशबोर्डवर दिव्याचे हिरवे चिन्ह उमटते. वरच्या झोतासाठी ते निळे असते. केवळ डीआरएल चालू असताना बहुतेक मोटारींत यांपैकी एकही चिन्ह दिसत नाही. तरीही शंका असेल, तर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि आरशात पाहावे. भिंतीवर लाली पसरलेली असेल, तर मागचे दिवे चालू आहेत. मात्र पाय ब्रेकवरून काढून पाहावे. अन्यथा ती लाली ब्रेकच्या दिव्याची असते.