निखारा, शेगडी आणि हवा

एके काळी शहरातील प्रत्येक घरी कोळशाची शेगडी असे. पुढे स्टोव्ह आला, त्यामागून गॅस आला आणि शेगडी माळ्यावर गेली. आज तीच शेगडी निराळ्या रूपाने घरात परतत आहे. सुटीच्या दिवशी गच्चीवर किंवा अंगणात जाळीची शेगडी मांडावी, चार कणसे, एखादे वांगे, पनीरचे किंवा कोंबडीचे तुकडे निखाऱ्यावर भाजावेत, हा अनेक कुटुंबांचा नवा छंद झाला आहे.

पहिल्या प्रयत्नात बहुधा सर्वांचा अनुभव सारखाच असतो. तुकडा बाहेरून काळा होतो आणि आतून कच्चा राहतो. हाताला सवय नाही, असे म्हणून मनुष्य स्वतःचे समाधान करून घेतो. परंतु येथे सवयीपेक्षा समज अधिक उपयोगी पडते. कोळसा कसा जळतो, त्याची उष्णता पदार्थापर्यंत कशी पोचते आणि पदार्थात कोणते फेरफार होतात, या तीन गोष्टी कळल्या म्हणजे भाजण्याची कला पुष्कळ सोपी होते. चौथी गोष्ट म्हणजे जळत्या कोळशातून कोणता वायू बाहेर पडतो ही होय. तिचा संबंध रुचीशी नसून जिवाशी आहे. म्हणून तिचा विचार शेवटी, परंतु अधिक विस्ताराने केला आहे.

लाकूड आणि कोळसा

लाकूड पेटले म्हणजे ज्योत दिसते. ही ज्योत लाकडाची नसते. तापलेल्या लाकडातून बाहेर पडणाऱ्या ज्वलनशील वायूंची असते. लाकूड भट्टीत रचून, हवेचा पुरवठा अगदी थोडा ठेवून तापविले, तर त्यातील पाणी व हे वायू निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. हाच लोणारी कोळसा होय. एक किलोग्रॅम वाळलेल्या लाकडापासून सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. तितक्याच कोळशापासून सुमारे ७,००० मिळते. धूर देणारे द्रव्य आधीच निघून गेलेले असल्यामुळे कोळसा जवळजवळ धुराविना जळतो. हा त्याचा गुण आहे. तोच त्याचा फसवा गुणही आहे, हे पुढे दिसून येईल.

कोळसा पेटविण्यासाठी रॉकेल ओतणे धोक्याचे असते, कारण त्याची वाफ हवेत मिसळून एकाएकी भडका उडतो. त्याहून सोपा उपाय असा : दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा घ्यावा, तळाशी जाळी बसवावी व बुडाजवळ भोके पाडावीत. डब्यात कोळसा भरून जाळीखाली कागदाचा बोळा पेटवावा. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि भोकांतून ताजी हवा आत ओढली जाते. डबा स्वतःच धुराड्याचे व भात्याचे काम करतो. सुमारे २० मिनिटांत कोळशावर करडी राख धरते. ही राख म्हणजे लाकडातील न जळणाऱ्या खनिजांचा अवशेष होय. ती दिसू लागली म्हणजे भाजण्यास प्रारंभ करावा.

उष्णतेचे तीन मार्ग

उष्णता एका वस्तूकडून दुसरीकडे तीन मार्गांनी जाते : वहन, अभिसरण आणि प्रारण. शेगडीवर हे तिन्ही मार्ग एकाच वेळी चालू असतात. जाळीच्या सळयांचे डाग पदार्थावर उमटतात ते वहनाने. तापलेली हवा वर येऊन पदार्थाला लागते ते अभिसरण. परंतु उघड्या शेगडीवर सर्वांत मोठा वाटा प्रारणाचा असतो. निखाऱ्यापासून निघणारे अदृश्य अवरक्त किरण पदार्थावर पडून तेथे शोषले जातात.

प्रारणाचा नियम योझेफ स्टेफान याने १८७९ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडला व लुडविग बोल्ट्समान याने १८८४ मध्ये तो सिद्धांताने सिद्ध केला. वस्तूचे निरपेक्ष तापमान जितके असेल त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात तिच्यापासून प्रारण निघते. निरपेक्ष तापमान काढण्यासाठी सेल्सियस अंशांत २७३ मिळवावयाचे. निखारा ६००° वरून ९००° वर गेला, तर निरपेक्ष तापमान ८७३ वरून ११७३ होते, म्हणजे जेमतेम तिसऱ्या हिश्शाने वाढते. परंतु उष्णतेचा वर्षाव तिपटीहूनही अधिक होतो. पंख्याने दोन-चार वेळा वारा घालताच कणसाचे दाणे का करपतात, हे यावरून कळेल.

आच कमी करण्यासाठी बरेच लोक जाळी वर उचलतात. लहानशा दिव्यापासून अंतर दुप्पट केले तर प्रकाश चौथाई होतो; पण निखाऱ्यांच्या पसरट थराला हा नियम तसाच लागू पडत नाही. दीड वीत रुंदीच्या थरावर जाळी पाच सेंटिमीटरांवरून दहावर नेली, तरी पदार्थाला चहूबाजूंचे निखारे 'दिसत'च राहतात आणि आच फारशी उतरत नाही. खरा उपाय म्हणजे निखारे शेगडीच्या एका बाजूस सारणे. यामुळे जाळीचे दोन भाग पडतात, एक प्रखर आचेचा आणि एक मंद आचेचा. जाळीच्या उंचीवर तळहात धरल्यास प्रखर भागावर तो दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागतो. मंद भागावर अधिक वेळ धरता येतो.

शेगडीला झाकण असेल तर तिची भट्टी होते. अमेरिकेत जॉर्ज स्टीफन या धातुकारखान्यातील कामगाराने १९५२ मध्ये समुद्रावरील तरंगत्या बोयाचा पत्र्याचा गोल कापून खालच्या भागाची शेगडी व वरच्या भागाचे झाकण केले. झाकणामुळे वारा व पाऊस अडतो आणि भोके लहानमोठी करून हवा, पर्यायाने आच, ताब्यात ठेवता येते.

पाणी आणि तांबूस रंग

पदार्थाचा पृष्ठभाग ओला असेल तोपर्यंत त्याचे तापमान १००° च्या फारसे वर जात नाही. एक ग्रॅम पाणी २५° वरून १००° पर्यंत तापविण्यास ७५ कॅलरी पुरतात. तेवढ्याच पाण्याची वाफ करण्यास मात्र सुमारे ५४० कॅलरी लागतात. शेगडीची बहुतेक उष्णता अशा रीतीने वाफेत खर्च होते. पृष्ठभाग सुकला म्हणजे तापमान चढू लागते आणि सुमारे १४०° च्या पुढे प्रथिनांतील अॅमिनो आम्ले व शर्करा यांच्यात भराभर विक्रिया घडून तांबूस रंग व खमंग वास निर्माण होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार याने १९१२ मध्ये या विक्रियेचे वर्णन केले. यातून गृहिणीला उपयोगी पडणारा नियम निघतो : तुकडे जाळीवर ठेवण्यापूर्वी कोरडे पुसून घ्यावेत.

पदार्थाच्या आत मात्र उष्णता केवळ वहनाने, मंद गतीने शिरते. जाडी दुप्पट झाली तर मध्यापर्यंत उष्णता पोचण्यास सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून पातळ काप प्रखर आचेवर उरकावेत. जाड तुकडा प्रखर आचेवर तांबूस करून मग मंद भागावर सारावा. भरताचे वांगे याला अपवाद वाटते, परंतु तेथे करपलेली साल टाकूनच द्यावयाची असते. आतील पाण्याची वाफ कोंडून ते फुटू नये म्हणून त्याला आधी टोचे मारावेत.

कोंबडीचे मांस आत शिजले की नाही हे रंगावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी टोकदार सळईचा तापमापक मिळतो. त्याच्या टोकाशी असलेल्या अर्धसंवाहकाचा विद्युत्‌रोध तापमानाप्रमाणे बदलतो व त्यावरून आकडा दिसतो. टोक सर्वांत जाड भागात, हाडाला न लागेल असे खुपसावे. ७४° तापमान आले म्हणजे रोगजंतू नष्ट झाले असे समजावे.

करपण्याचे परिणाम

चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडले की धूर उठतो. त्यात बेंझोपायरीनसारखी संयुगे असतात. हे संयुग लंडनमधील संशोधकांनी १९३३ मध्ये डांबरातून वेगळे केले आणि ते कर्करोगकारक असल्याचे दाखविले. जपानमध्ये ताकाशी सुगिमुरा व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये भाजलेल्या माशाच्या करपलेल्या भागातही पेशींच्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडविणारी द्रव्ये असल्याचे दाखवून दिले. कधीमधी भाजलेले खाण्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. चरबी आधीच काढावी, तुकडे वारंवार उलटावेत, भडका उठताच ते मंद भागावर न्यावेत आणि काळा पडलेला भाग काढून टाकावा, म्हणजे ही द्रव्ये पुष्कळ कमी होतात.

निळी ज्योत

आता चौथ्या गोष्टीकडे वळू. निखाऱ्यांच्या थराच्या तळाशी हवा भरपूर असते. तेथे कार्बनाचा प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो. हा वायू वरच्या तापलेल्या कोळशांतून जाताना आणखी कार्बन घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. थराच्या माथ्यावर ताजी हवा मिळताच हा वायू पेटतो. निखाऱ्यांवर नाचणारी लहानशी निळी ज्योत ती हीच.

ही ज्योत दिसत असताना कार्बन मोनॉक्साइडचा काही भाग तरी जळून जात असतो. पुढे निखारे राखेने झाकतात, माथ्याचे तापमान उतरते आणि ज्योत विझते. आत कोळसा मात्र धुमसत असतो. आता तो वायू न जळताच बाहेर पडू लागतो. धूर नाही, ज्योत नाही, वास नाही. शेगडी 'निवली' असे वाटते त्या वेळीच ती बंद खोलीत सर्वांत घातक असते.

रक्तातील हीमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन सर्व शरीराला पोचविते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हीमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. १९ व्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने खाणींतील अपघातांचा अभ्यास करून या विषाचे स्वरूप स्पष्ट केले. त्याच्या सूचनेवरून खाणकामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेऊ लागले, कारण पक्ष्याला विषबाधा माणसाआधी होते.

हा वायू किती पुरतो, याचा हिशेब करून पाहावा. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. तिचा हजारावा भाग म्हणजे ३६ लिटर. एवढा कार्बन मोनॉक्साइड तयार होण्यास सुमारे १८ ग्रॅम कार्बन पुरतो. आणि अशा हवेत मनुष्य काही तास झोपला तर त्याचे निम्म्याहून अधिक हीमोग्लोबिन निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. कोळशातील सर्वच कार्बनाचा हा वायू होत नाही हे खरे. पण शेगडीत कोळसा किलोग्रॅमाने असतो.

प्रारंभी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यांपैकी काहीच जाणवत नाही. उत्तर भारतातील थंडीत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबेच्या कुटुंबे सकाळी मृत आढळल्याची वृत्ते दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. महाराष्ट्रात बाळंतिणीच्या बाजेखाली शेकासाठी शेगडी ठेवण्याची आणि वारा लागू नये म्हणून त्या खोलीची दारे-खिडक्या लावून घेण्याची जुनी चाल आहे. मायेपोटी केलेल्या या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे आई व अर्भक दोघांचेही प्राण संकटात येतात. शेक द्यावयाचा असल्यास तो गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा.

छंदाची शेगडीही याला अपवाद नाही. अचानक पाऊस आला किंवा थंडी वाढली, की उरलेले निखारे आत आणण्याचा मोह होतो. काचा लावून बंद केलेली गॅलरी, मोटारगाडी, तंबू या सर्व जागा बंद खोलीसारख्याच समजाव्यात. खिडकी किंचित उघडी ठेवल्याने काम भागत नाही. हा वायू जवळजवळ हवेइतकाच जड असल्यामुळे तो खाली बसत नाही की आपोआप वर निघून जात नाही. तो खोलीभर मिसळतो.

कोणास बाधा झाल्याची शंका येताच सर्वांनी उघड्या हवेत यावे व रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ एक-दीड तासावर येतो. येथे एका उपकरणाविषयी सावध राहिले पाहिजे. २०२० च्या साथीपासून बोटाला लावावयाचा प्राणवायुमापक पुष्कळ घरांत आला आहे. तो रक्ताचा रंग प्रकाशाने पारखतो, आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हीमोग्लोबिनही त्याला तांबडेच दिसते. त्यामुळे रोगी अत्यवस्थ असतानाही आकडा उत्तम दिसू शकतो. त्यावर विसंबू नये. या वायूची सूचना देणारी स्वतंत्र गजरयंत्रे मिळतात. धुराचा गजर मात्र याची सूचना देत नाही. तसेच असे यंत्र आहे म्हणून शेगडी घरात पेटविणे योग्य ठरत नाही.

छंदाची वही

ज्यास हा छंद जोपासावयाचा आहे त्याने एक लहानशी वही ठेवावी. कोळसा किती, पदार्थाची जाडी किती, भाग प्रखर की मंद, वेळ किती व परिणाम काय, हे दर वेळी लिहावे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. पाच-सहा सुट्यांत स्वतःच्या शेगडीचे नियम स्वतःलाच सापडू लागतील आणि घरातील मुलांना प्रयोग म्हणजे काय याचा पाठ आयताच मिळेल.

काम संपल्यावर झाकण व भोके बंद करून शेगडी बाहेरच राहू द्यावी. झाकण नसेल तर निखारे पत्र्याच्या बादलीत काढून, तोंड बाजूला ठेवून, त्यांवर हळूहळू पाणी ओतावे. राखेच्या पोटात विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकून राहतो. म्हणून राख हाताला गार लागल्यावाचून ती कचऱ्यात टाकू नये आणि शेगडी घरात घेऊ नये.