पीएच.डी. मानसशास्त्राची, पगार कशाचा?

लेखमाला : पदवीनंतरची वाट – भाग ९

गेल्या आठवड्यात वाणिज्य शाखेतल्या संशोधनाविषयी लिहिलं होतं. या वेळी मानसशास्त्र. एम.ए. झालं, सेट-नेटच्या एक-दोन खेपा झाल्या, 'पेट' ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा निघाली आणि पुणे विद्यापीठात नाव नोंदवलं, अशी मुलं-मुली आता संगमनेर, श्रीरामपूर, श्रीगोंदा, सगळीकडे भेटतात. जेआरएफ असेल तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. घरच्यांना वाटतं, पोर मार्गी लागलं. फेलोशिप संपली की मात्र प्रश्न उभा राहतो : आता या पदवीवर चांगला पगार देणार कोण?

माझं मत स्पष्ट आहे. नुसत्या 'डॉ.' या अक्षराला कुणी पैसे मोजत नाही. पैसे मिळतात ते मंजूर पदाचे, कायद्याने दिलेल्या नोंदणीचे किंवा दुसऱ्याला न जमणाऱ्या कामाचे. यातलं आपल्याला काय हवं, हे विषय नोंदवण्याआधी ठरवावं लागतं. प्रबंध बांधून झाल्यावर ठरवायला फार उशीर झालेला असतो.

पहिली वाट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असते, प्राध्यापकीची. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. महागाई भत्ता आणि घरभाडं धरलं की आकडा लाखाच्या आसपास जातो. पगार उत्तम, पण अनुदानित कॉलेजातली मंजूर जागा निघायला हवी. एका कॉलेजात मानसशास्त्राची पदं असतात एक-दोन. ती निघेपर्यंत आपली मुलं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतात. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि सुट्ट्यांच्या महिन्यांत काहीच नाही. पीएच.डी. झालेला माणूस चाळिशीकडे झुकला तरी तासिकांचा हिशेब मांडत बसतो, हे बघवत नाही. ही वाट धरू नका असं मी म्हणणार नाही. पण फक्त तिच्याच भरवशावर पाच-सहा वर्षं घालवू नका, एवढं नक्की म्हणेन.

दुसरी वाट दवाखान्याची. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. मानसशास्त्रात पीएच.डी. केली की 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येते, असं अनेकांना वाटतं. तसं ते नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात या पदाची व्याख्याच दिली आहे : भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं क्लिनिकल प्रशिक्षण हवं. १९९२ च्या आरसीआय कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आजवरचा नेहमीचा रस्ता होता दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा, बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांमध्ये, प्रत्यक्ष रुग्णांबरोबर, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. यूजीसीने इतर विषयांची एम.फिल. बंद केली, पण क्लिनिकलच्या प्रवेशांना २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. यापुढे साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) आणि आरसीआयच्या नव्या अभ्यासक्रमांकडे बघावं लागेल. प्रवेशाची फी भरण्यापूर्वी त्या संस्थेचं नाव आरसीआयच्या यादीत आहे का, हे स्वतः तपासा. एजंटाच्या किंवा माहितीपुस्तिकेच्या शब्दावर जाऊ नका.

ही नोंदणी हातात असली की आपल्या नगर जिल्ह्यात काम आहे. लोणीच्या प्रवरा वैद्यकीय संस्थेत आणि विळद घाटातल्या विखे पाटील मेडिकल कॉलेजात मनोविकार विभाग आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद धरलेलं असतं, पण ते बहुधा कंत्राटी. शिंगव्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावर सोडून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी जे घर उभं केलं, ते पाहिलं की गरज किती खोल आहे ते कळतं. गरज आहे तिथे पगार असेलच असं मात्र नाही. म्हणून तरुणांना सांगावंसं वाटतं : आधी नोंदणी आणि स्थिर उत्पन्न मिळवा, मग आठवड्याचा एक दिवस अशा कामाला द्या. तो दिवस मग वर्षानुवर्षं देता येतो.

तिसऱ्या वाटेवर गर्दी कमी आहे, आणि माझ्या मते खरा पैसा तिथे आहे. ती म्हणजे मोजमापाची.

आपल्याकडचे बरेच प्रबंध एकाच साच्यातले असतात. कॉलेजचे दोनशे-तीनशे विद्यार्थी, विकत आणलेली प्रश्नावली, 'ग्रामीण आणि शहरी विद्यार्थ्यांचे समायोजन', शेवटी टी-टेस्ट आणि 'सार्थ फरक आढळला'. अशा कामातून कंपनीला किंवा शाळेला विकत घेण्यासारखं काही हाती येत नाही. आता दुसरं चित्र बघा. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या ठाकर वाडीवरचं आठ वर्षांचं मूल बुद्धिमापनाला बसलंय. समजा, त्याला 'लिफाफा' म्हणजे काय असं विचारलं. मूल गप्प. तपासनीस कागदावर शून्य लिहितो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. याच मुलाला आजारी शेळी लांबून ओळखता येते, पण त्यासाठी कागदावर चौकटच नाही. त्या शून्यांची बेरीज होते आणि त्यावर दाखला निघतो. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. बिने-कामत या नावाने तिची सुधारित आवृत्ती कितीतरी दवाखान्यांत अजून वापरली जाते. आजच्या, वेगवेगळ्या बोलीच्या मराठी मुलांसाठी नव्याने प्रमाणित केलेल्या चाचण्या फार थोड्या आहेत.

ज्याने प्रबंधासाठी अशी एक चाचणी स्वतः बांधली, प्रत्येक प्रश्नाचं विश्लेषण केलं, विश्वसनीयता काढली, वयोगटांची प्रमाणकं तयार केली आणि हे सगळं 'आर'सारख्या सॉफ्टवेअरवर केलं, त्याच्या हातात कसब आलं. हेच कसब भरतीच्या चाचण्या बनवणाऱ्या कंपन्यांना लागतं, पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या यूएक्स रिसर्चला लागतं. रेल्वेत लोको पायलट होऊ पाहणाऱ्या उमेदवाराला संगणकावर जी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, तीही याच विद्येची. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत २०२३ साली औद्योगिक मानसशास्त्रज्ञांचं मध्यक वार्षिक वेतन सुमारे १ लाख ४७ हजार डॉलर होतं. सगळे मानसशास्त्रज्ञ एकत्र धरले तर ते ९३ हजारांच्या आसपास येतं. तिकडचे डॉलर इकडे मिळणार नाहीत, पण कल कुठे आहे ते दिसतं.

नगरच्या मुलांना लष्कर नवं नाही. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथेच आहे. पण अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीत मानसशास्त्रज्ञ असतात आणि त्या निवडपद्धतीवर दिल्लीत डीआरडीओची स्वतंत्र संस्था काम करते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डीआरडीओत शास्त्रज्ञ 'बी' पदाचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं. मानसशास्त्राच्या जागा कमी निघतात, म्हणून जाहिरातीवर डोळा ठेवावा लागतो.

शाळांचं दार आत्ता उघडतंय. जुलै २०२५ मध्ये सुकदेव साहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. कोकमठाण, लोणी, संगमनेर, कोपरगाव या पट्ट्यात निवासी शाळा आणि इंजिनिअरिंग कॉलेजं किती आहेत, ते आपण जाणतोच. एका संस्थेचा पगार तुटपुंजा असेल तर तीन-चार संस्थांशी मिळून वर्षाचा करार करा. मुलांच्या चाचण्या, शिक्षकांची शिबिरं, पालकांच्या भेटी, सगळं त्यात लिहून घ्या. फुकट 'मार्गदर्शनपर व्याख्यान' देत फिरू नका; एकदा फुकट दिलं की पुढच्या वर्षीही तसंच मागतात.

आणि ज्यांची सिनॉप्सिस अजून जमा व्हायची आहे, त्यांनी गाईडला थेट विचारावं : सर, या विषयात मी कोणती चाचणी बांधणार, कोणतं तंत्र शिकणार, आणि ते विद्यापीठाबाहेर कुणाला लागतं? उत्तर गुळमुळीत आलं तर विषय बदलायला अजून वेळ आहे.

(पुढच्या भागात : समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि कंत्राटी नोकऱ्या)